गोदाने कढई चढवली

मोहने गावच्या गोदाबाईंविषयी मला जे ठाऊक आहे ते त्यांच्या थोरल्या मुलीकडून, ठमाबाईंकडून ऐकलेलं. ठमाबाई म्हातारपणी कल्याणात आमच्या शेजारी राहायच्या. आईचा विषय निघाला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "माझी आये बसलेली मला आठवतच नाय." जेवतानासुद्धा ती चुलीपाशी उकिडवी असायची, एक पाय पुढे काढून. कुणी हाक मारली तर उठायला वेळ लागू नये म्हणून.

गोदा मूळची बाळकुमची. बाप मिठागरावर कामाला होता, आणि मिठागरात बसून करायचं असं कामच नसतं. बांधावरून चालायचं, खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, मीठ ओढायचं, टोपली डोक्यावर घेऊन पुन्हा चालायचं. कळायला लागल्यापासून ती हेच करत आलेली. लग्न होऊन उल्हास नदीपलीकडे मोहन्याला आली तेव्हा मीठ सुटलं, पायांची सवय सुटली नाही. सासरी थोडी भातशेती होती. नवरा राघो लावणीपर्यंत शेतात राबायचा, मग मुंबईच्या गोदीत हमालीला जायचा. दिवाळीला यायचा, भात कापून झोडून झालं की पुन्हा जायचा. घरात सासू सखुबाई आणि तीन मुलं. थोरली ठमी नऊ वर्षांची, तिच्या पाठचा काळू, आणि अजून बोबडं बोलणारी रतन.

साल अठराशे सत्त्याण्णव, मरीचं, म्हणजे प्लेगचं, दुसरं वर्ष. आदल्या हिवाळ्यात मुंबईत माणसं पटापट मरायला लागली तेव्हा राघो सगळं टाकून घरी पळून आला होता. पावसाळ्यात साथ ओसरली असं कुणीतरी सांगितलं आणि तो परत निघाला. गोदाने जाऊ नका म्हणून खूप विनवलं. तो म्हणाला, दिवाळीपर्यंतच जातो, पोरांच्या अंगावर नवं काहीतरी नको का. गोदा त्याला पोचवायला होडीपर्यंत गेली आणि होडी पलीकडे लागून माणसं उतरून दिसेनाशी होईपर्यंत काठावर येरझारा घालत राहिली.

तो धनत्रयोदशीला येणार होता. त्या दिवशी गोदाचं कशात लक्ष नव्हतं. अंगण सारवायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून नदीवर गेली. परत येऊन सारवण पुरं केलं, पुन्हा गेली. मुलंही तिच्या मागे मागे. उन्हं कलली तेव्हा होडी आली आणि तिच्यातून महिपत एकटाच उतरला. महिपत त्यांच्याच आळीतला, राघोबरोबर गोदीत काम करणारा. दोघे जायचे बरोबर आणि यायचेही बरोबर. महिपतने गोदाला पाहिलं आणि मान खाली घालून तो घराकडे चालू लागला. ती त्याच्या मागोमाग त्याच्या अंगणात गेली. तिथे उभ्या उभ्याच त्याने सांगितलं.

कल्याणला सगळ्यांना गाडीतून खाली उतरवलं होतं. फलाटावर रांगा लावल्या, डॉक्टर आला, गाठ आहे का म्हणून एकेकाच्या बगला चाचपत पुढे सरकत गेला. राघोचं अंग ठाण्यापासूनच तापलं होतं. डॉक्टरने त्याच्यापाशी थांबून दुसऱ्या माणसाला खूण केली आणि त्याला रांगेतून बाजूला काढलं. त्याचं गाठोडं जाळायला नेलं. त्याला स्टेशनापलीकडच्या माळावर, मरीचा संशय असलेल्यांसाठी बांधलेल्या चटयांच्या झोपड्यांत नेलं. महिपतला सोडून दिलं.

"बोलले का काय?" गोदाने विचारलं.

"बोलायला वेळच नाय दिला, वहिनी."

त्या झोपड्यांबद्दल गावात सगळ्यांनी ऐकलेलं होतं. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, असंच जो तो सांगायचा. गोदाला त्याच पावली कल्याण गाठायचं होतं, पण होडीवाल्याने होडी बांधून टाकली होती आणि सकाळशिवाय तो ती सोडणार नव्हता. ती घरी आली. दारात उभी राहिली, आत गेली, पुन्हा दारात आली. सखुबाईंना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. त्या ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

बोरांची सगळी तयारी झालेली होती. तांदूळ भिजवून, वाळवून, कांडून पीठ चाळून ठेवलेलं. गूळ चिरलेला, तीळ भाजलेले, तेल्याकडचं गोडं तेल बुधल्यात भरलेलं. आगऱ्यांच्या घरात दिवाळीला बोरं हवीतच. तांदळाच्या पिठाच्या गुळातल्या गोळ्या, बोराएवढ्या वळायच्या आणि तेलात लाल तळायच्या. गोदाने चुलीत लाकडं सारली आणि फळीवरून कढई काढली. तेव्हा सखुबाई पहिल्यांदा बोलल्या. कढई चढवू नकोस, म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरात कुणी गेलं की तळण करत नाहीत, हे सगळीकडेच पाळतात. खबर येईपर्यंत थांब, एवढंच त्या सांगत होत्या. उद्या काही वाईट कळलं आणि आदल्या दिवशी या घरातून तळणाचा वास येत होता असं झालं, तर गाव तोंडात शेण घालील. शिवाय तो त्यांचा पोटचा मुलगा होता.

गोदा कढई हातात धरून तशीच उभी होती. मग म्हणाली, "आत्याबाई, आज कढई नाय चढवली तर आजच ते गेले असं धरल्यासारखं होईल. मी नाय धरणार."

 गोदाने चूल पेटवली.

मुलांना तिने सांगितलं की बाबाला थोडा ताप आहे, म्हणून तो कल्याणला थांबलाय, आणि त्याला खाऊ पोचवायचाय. काळूने आणि रतनने ते खरं मानलं. ठमी महिपतच्या अंगणात कुडाआड उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.  आईला ते कळलं होतं का, हे ठमाबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही.

एरवी बोरं करताना मुलांना दूर बसवायची रीत. शेवटचा उरलेला गोळा तेवढा त्यांच्या हाती मिळायचा. त्या दिवशी गोदाने गुळाचं पाणी उकळून त्यात पीठ घातलं, घोटलं, निवल्यावर तीळ घालून मळलं, आणि सगळीच्या सगळी परात मुलांपुढे सरकवली. तिचे स्वतःचे हात चालत नव्हते. दोन बोरं वळली की उठून दारात जायची. अंगणातून नदी दिसत नव्हती, तरी जायची. परत येऊन आणखी दोन वळायची. ठमी मात्र एका जागी बसून वळत होती, एकसारखी, एकाला एक न चिकटणारी. रतनच्या हातातलं पीठ तोंडात जात होतं. तिला कुणी अडवलं नाही.

पहिला घाणा गोदाने तेल फार तापल्यावर सोडला. चार बोरं फुटली. तेल उडून तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके उठले. दुखल्यासारखं तिने काहीच केलं नाही. हात दुसऱ्याच कुणाचा असावा तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. ठमीने उठून चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं, आईचा हात पाण्याच्या घागरीपाशी नेला आणि त्यावर पाणी ओतलं. नंतरचे घाणे नीट निघाले. घरात गुळाचा खमंग वास भरला. बाहेरून जाणारी एक बाई दारापाशी थांबली, आत डोकावली आणि पुढे गेली.

काळूला गोळ्या वळायचा कंटाळा आला होता. त्याने आधी होडी केली, ती मोडली. मग बराच वेळ तो पाठ करून बसला आणि शेवटी तळहातावर काहीतरी घेऊन वळला. उंदीर होता. तिळाचे डोळे, दाबून काढलेले कान, आणि पिठाची लांब वळलेली शेपटी. तो सगळ्यांना दाखवू लागला.

त्या साली उंदीर हा शब्दही कुणी घरात काढत नव्हतं. घरात मेलेला उंदीर सापडला की माणसं चूल विझवून, दार ओढून रानात राहायला जात, कारण उंदरांमागून माणसांची पाळी यायची. सखुबाई ओटीवरून उठून आत आल्या, नातवाच्या हातावरचा उंदीर उचलला आणि चुलीत टाकला. काळूचा चेहरा पडला.

"तो गणपतीचा होता," तो म्हणाला, आणि मग रडू लागला.

गोदाने मुलाला गप्प केलं नाही. ती घाणा काढत राहिली. तो काढून झाल्यावर तिने परातीतून एक गोळा तोडला आणि काळूच्या हातात ठेवला.

"कर परत."

सखुबाई बघत होत्या. काळूने डोळे पुसत दुसरा उंदीर केला. तो पहिल्याइतका चांगला झाला नाही. गोदाने तो झाऱ्यावर ठेवून हळूच तेलात सोडला. तळताना शेपटीचं टोक तुटलं. कितीतरी वर्षांनी ठमाबाईंनी आईला विचारलं होतं की तेव्हा तू त्याला परत का करायला लावलास. गोदा म्हणाली होती, "आता पिठाच्या उंदराला भ्याले, तर उद्या त्या झोपड्यांपर्यंत काय जाणार होते मी."

सकाळी मुलांना न्हाऊ घालून गोदाने बोरं पळसाच्या पानांत बांधली, वरून जुनं फडकं गुंडाळलं आणि ठमीला घेऊन ती निघाली. उंदीर काळूने स्वतः पानात ठेवला होता. नदी ओलांडून, शहाडवरून, भाताच्या खाचरांतून त्या कल्याणपर्यंत चालल्या. ठमीला पळावं लागत होतं. माळावर बांबूंचं दुहेरी कुंपण होतं, मध्ये चर खणलेला, आत चटयांच्या झोपड्यांच्या ओळी. औषधाचा उग्र वास येत होता आणि एका कोपऱ्यात कपडे जळत होते. फाटकावर शिपाई होता. त्याने कुणाला भेटायचंय म्हणून नाव विचारलं.

नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं. गोदाने जन्मात ते घेतलं नव्हतं. ती म्हणाली, ठमीचे बाबा. शिपाई म्हणाला, इथे असे पुष्कळ बाबा आहेत, नाव सांग. ठमी नाव सांगायला तोंड उघडणार एवढ्यात गोदाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"राघो," ती म्हणाली. "राघो महादू. मोहन्याचा."

शिपायाने ते नाव आत ओरडून सांगितलं. एक माणूस आला, गाठोडं लांब धरून घेऊन गेला. गोदा फाटकासमोर एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी आतून काही कळलं नाही. तिने शिपायाला तीन-चारदा विचारलं की माणूस आहे ना, एवढं तरी सांगा. तो वाईट माणूस नव्हता. मला खरंच ठाऊक नाही बाई, म्हणाला, इथे रोज माणसं बदलतात. शेवटी त्याने ठमीकडे बोट दाखवून, पोरीला घेऊन घरी जा, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. गोदा सकाळी पुन्हा ठमीला घेऊन निघाली. सखुबाई या खेपेला आड आल्या नाहीत. त्यांनी उरलेली बोरं स्वतःच्या हाताने बांधून दिली. माळावर पोचल्यावर गोदा फाटकाकडे गेलीच नाही. कुंपणाच्या कडेने चालत ती मागच्या बाजूला गेली, जिथे शेताचा बांध कुंपणाला लागत होता, आणि चालता चालता हाका मारू लागली. एकदा ओठांवर आलेलं नाव आता तिला जड जात नव्हतं. "राघो, राघो," असं ती मोठ्याने ओरडत निघाली. शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली. ठमीला लाज वाटली आणि रडूही आलं.

मागच्या ओळीतल्या एका झोपडीतून एक माणूस मेढीला धरून बाहेर आला. अंगावर घोंगडी, दाढीचे खुंट वाढलेले, दोन दिवसांच्या तापाने डोळे खोल गेलेले. ठमीने त्याला ओळखलं नाही. त्याच्या मागून चार-पाच वर्षांची एक मुलगी आली आणि त्याच्या घोंगडीचं टोक धरून उभी राहिली. मध्ये दोन कुंपणं आणि चर. त्याला मोठ्याने बोलवत नव्हतं. तरी त्याने विचारलं ते स्पष्ट ऐकू आलं.

"उंदीर कुणी केला?"

 ठमीने ओरडून सांगितलं, "काळूने."

राघो हसला. हसण्यानेच दमून तो खाली बसला. मग थांबत थांबत त्याने सांगितलं की गाठ आली नाही, डॉक्टर हिवताप म्हणतो, अंगात ताकद आली की सोडतील. ही मुलगी शेजारच्या खोपीतली. काही खात नव्हती. काल बोरं आली तेव्हा तिने उंदीर उचलला आणि मग बाकीची बोरं खाल्ली. उंदीर मात्र खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवलाय. गोदाने पाहिलं तर मुलीची उजवी मूठ मिटलेली होती.

"हिचं कोणी उरलं नाय," राघो म्हणाला. "इथले विचारतात, कोण नेणार हिला. आणू का?"

"आणा," गोदा म्हणाली.

ठमाबाई सांगायच्या की प्रश्न आणि उत्तर यांमध्ये श्वास घेण्याइतकाही वेळ गेला नव्हता. बोरांचं गाठोडं फाटकावर शिपायाकडे देऊन गोदा परतीच्या वाटेवरही नेहमीसारखीच भरभर चालली. होडीतही ती नदीच्या मध्यापर्यंत उभीच होती. मग, एरवी कधी न बसणारी, ती होडीच्या फळीवर बसली आणि तिने ठमीला इतकं घट्ट जवळ धरलं की तिला बोलता येईना. घरात तीन मुलं होती आणि मरीच्या झोपड्यांतलं चौथं मूल तिने एका शब्दात घरी बोलावलं होतं.

राघो जिवंत आहे हे ऐकून सखुबाईंनी देवापुढे डोकं टेकलं. मग गोदाने मुलीचं सांगितलं. जात कोणती, त्यांनी विचारलं. विचारली नाय, गोदा म्हणाली. सखुबाई चिडल्या, बोलल्या, रडल्याही. शेवटी त्यांनी एक अट घातली की येतील ते दोघे आधी शेतातल्या खोपीत राहतील, पुढची अमावस्या उलटेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. गोदाने ती लगेच मानली. तिलाही भीती होतीच, आणि ती तिने लपवली नाही.

राघो आणि मुलगी आली ती भात कापणीच्या दिवसांत. गोदा भाकरी नेऊन बांधावर ठेवायची आणि लांब उभी राहून दोघांना जेवताना बघायची. काळू बांधावर रोज काहीतरी ठेवून यायचा. पीठ मिळेना तेव्हा तो चिखलाचे बैल, बगळे, मासे करू लागला. मुलगी ते घेऊन जायची, पण बोलायची नाही. अमावस्या उलटली. दोघांनाही काही झालं नव्हतं. गोदाने तिला नदीवर न्हाऊ घातलं आणि घरात आणलं. नाव विचारल्यावर ती इतकंच म्हणाली, शालू.

बरेच दिवस तिने दुसरा शब्द काढला नाही. गोदाच्या पदराचं टोक धरून ती तिच्यामागे फिरायची, आणि गोदा तर कायम चालतीच. विहिरीवर, खळ्यावर, गोठ्यात, दोघी एकामागे एक. सखुबाई बघून कपाळाला हात लावायच्या. मग एक दिवस त्यांनीच शालूला हाक मारून समोर बसवलं आणि तिच्या केसांना तेल लावलं.

राघो पुन्हा मुंबईला गेला नाही. तो नदीतली रेती काढायच्या कामाला लागला. कल्याणला गेला की शालूच्या माणसांची चौकशी करायचा, कारण कधीतरी कुणी मामा, काका शोधत येईल असं त्याला वाटायचं. गोदा त्याला विचारायची, काही कळलं का, आणि नाय म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते सुख होतं की दुःख, हे ठमाबाईंना सांगता येत नसे. पुढल्या साली मरी मोहन्यापर्यंत आली आणि सगळं गाव शेतांत राहायला गेलं. ती या पोरीच्या पायाने आली असं दोघे-चौघे बोलले. गोदा त्यांच्या खोपीपुढे जाऊन उभी राहिली आणि ते नजर वळवीपर्यंत तशीच उभी राहिली.

शालूचं लग्न बाळकुमला ठरलं, गोदाच्या माहेरच्या लांबच्या नात्यात. मुलीचं मूळ कुठलं, यावर तिकडे पुष्कळ चर्चा झाली, दोनदा बोलणं मोडायला आलं, पण मुलाच्या आजीने शालूला शेतात काम करताना पाहिलं होतं आणि तिने हट्ट सोडला नाही. लग्नाच्या दिवशी देवक बसवायच्या वेळी भटजींनी मुलीचं देवक, म्हणजे कुळाचं झाड, विचारलं.  शालूने मान खाली घातली. राघो काही बोलायच्या आत खांबापाशी उभी असलेली गोदा म्हणाली, "आमचंच. कळंबाचं."

भटजींनी कळंबाची डहाळी मागवली. गोदा मागच्या अंगणात भात करपतोय का ते बघायला निघून गेली.